शाळेच्या डब्यात हॉटेलचे पार्सल?

मधली सुट्टी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची असते. पण तिच्यासाठी घरात पहाटेपासून धावपळ सुरू झालेली असते. कणीक भिजवायची, भाजी चिरायची, पोळी डब्यात वातड होणार नाही याची काळजी घ्यायची आणि एवढे करून संध्याकाळी दप्तरातून निम्मा भरलेला डबा परत यायचा, हा अनुभव बहुतेक पालकांच्या परिचयाचा आहे. मोबाइलवरून मागवलेले जेवण अर्ध्या-पाऊण तासात दारात आणून देणाऱ्या सेवा शहरांत रुळल्या आणि या धावपळीला एक सोपा पर्याय दिसू लागला. घराच्या पत्त्याऐवजी शाळेचा पत्ता घातला की काम झाले! मुलाला गरम जेवण मिळते, आवडीचे मिळते आणि कार्यालयात बसलेल्या आईवडिलांच्या मनाला लागलेली टोचणीही कमी होते.

यात वावगे काय, असा प्रश्न काही पालक विचारतात. पैसे आमचे, मूल आमचे, मग शाळेने आडकाठी का करावी? दुसऱ्या बाजूला अनेक शाळांनी बाहेरून मागवलेले जेवण दारातच थांबवण्याचा नियम केला आहे आणि त्यावरून पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे पालकही दिसतात. दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ शिस्तीचा किंवा केवळ सोयीचा प्रश्न म्हणून न पाहता अन्न, आरोग्य, कायदा आणि शाळा नावाची सामूहिक व्यवस्था या चारही अंगांनी पाहायला हवे.

बाहेरचे जेवण नवे नाही

शाळेत डबा कोणी तरी आणून देणे ही मुंबईला तरी नवी गोष्ट नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेने कचेऱ्यांप्रमाणे शाळांतही डबे पोहोचवले. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घरून उचललेला डबा खुणेच्या अक्षरांवरून आणि रंगांवरून वाट काढत दुपारच्या जेवणापर्यंत योग्य हाती पडत असे. पहाटे शाळेत गेलेल्या मुलाला त्यामुळे ताजे जेवण मिळे.

परक्या हाताने शिजवलेले अन्न हेही पाप नव्हे. गिरणगावातील हजारो कामगार खानावळीच्या जेवणावर जगले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आजही पुण्या-मुंबईच्या गल्लीबोळांतील पोळी-भाजी केंद्रे कितीतरी घरांची वेळ निभावून नेतात. तेव्हा 'घरचे ते पवित्र आणि बाहेरचे ते वाईट' अशी सरळ विभागणी टिकणारी नाही.

मग फरक कुठे पडला? डबेवाला आणत असे तो डबा घरच्याच स्वयंपाकघरातला होता. खानावळीतले जेवण रोजचेच होते: पोळी, भात, आमटी, भाजी. मोबाइलवरून येणाऱ्या जेवणात या दोन्ही खात्रीच्या गोष्टी सुटतात. स्वयंपाक कोणी, कुठे आणि किती वाजता केला हे मागवणाऱ्याला दिसत नाही; आणि शंभर पदार्थांच्या यादीतून निवड करायची वेळ आली की आठ-दहा वर्षांच्या मुलाचे बोट आमटी-भातावर पडण्याची शक्यता कमीच. नूडल्स, पिझ्झा, बर्गर, फ्रँकी, पनीरच्या लालभडक भाज्या हेच बहुधा मागवले जाते. वाहून आणण्याची रीत जुनी आहे. बदलले आहे ते डब्यातले अन्न आणि ते ठरवणारा माणूस.

सकाळचा हिशेब कोणाच्या माथी?

या विषयावर बोलताना पालकांना, आणि त्यातही आईला, आळशी ठरवण्याची घाई केली जाते. ती अन्यायाची आहे. केंद्र सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांना दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा आहे. म्हणजे एकीकडे पाच तास आणि दुसरीकडे दीड तासाच्या आसपास. नोकरी, लोकलचा प्रवास आणि हे पाच तास सांभाळणाऱ्या बाईला पहाटे पाचला उठून दोन प्रकारचे डबे करायला सांगणे सोपे आहे, करणे कठीण. बाहेरून जेवण मागवण्याची वेळ का येते याचे उत्तर पुष्कळदा या आकड्यांतच सापडते. 'डबा कोणी करायचा' हा प्रश्न घरातील पुरुषांनी आपलाही मानला तर निम्मी अडचण तिथेच सुटेल.

घड्याळाचाही यात वाटा आहे. सकाळी सातची शाळा असेल तर सहाच्या आत डबा भरावा लागतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तो मुलांच्या झोपेचा विचार करून. त्याचा एक उपयोग असाही होतो की, जिथे तो पाळला जातो तिथे डब्यालाही दोन तास उसंत मिळते.

अन्न किती वेळ टिकते?

आता जेवणाच्या सुरक्षिततेकडे वळू. शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत अन्नशास्त्राचा एक साधा नियम आहे: गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. या दोहोंच्या मधल्या तापमानात जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून अशा तापमानात शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये असे सांगितले जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ही मुदत आणखी कमी धरणे शहाणपणाचे ठरते.

हॉटेलमधून निघालेले पार्सल शाळेच्या दारात लगेच पोहोचले तरी ते लगेच खाल्ले जात नाही. घंटा होईपर्यंत ते पहारेकऱ्याच्या चौकीत, बहुधा उन्हात, पडून राहते. शिजवलेल्या भातात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूची बीजे शिजल्यानंतरही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ती अंकुरतात आणि उलट्यांना कारण होणारे विष तयार होते. हे विष पुन्हा गरम केल्यानेही सहजासहजी नष्ट होत नाही. पनीर, मलई, मेयोनीज घातलेले पदार्थ, चिकन यांचीही स्थिती नाजूकच. शिवाय हॉटेलात तो भात सकाळचा होता की आदल्या रात्रीचा, हे पार्सलच्या डब्यावर लिहिलेले नसते.

घरचा डबा या कसोटीवर आपोआप उत्तीर्ण होतो असे नाही. सहाला भरलेला डबा अकराला उघडला जातो, म्हणजे पाच तास लोटलेले असतात. मग पोळी-भाजी बिघडत का नाही? त्याचे कारण तिच्या कोरडेपणात आहे. पोळी, परतलेली भाजी, थालीपीठ, धपाटे, दशमी यांत पाण्याचा अंश कमी असल्याने जंतूंना फारसा वाव मिळत नाही. प्रवासाला दशम्या आणि कोरडी चटणी देण्याची आपल्या आज्यांची पद्धत याच अनुभवातून आली. याउलट घरचाच भात, ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा रस्सा पाच तास बंद डब्यात ठेवणे योग्य नव्हे. थोडक्यात, पदार्थ कोणता आणि मधे वेळ किती गेला, यावर सुरक्षितता ठरते. घरच्या डब्यात या दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. पार्सलच्या बाबतीत त्यांचा अंदाजच करावा लागतो.

चवीची किंमत

हॉटेलच्या जेवणाचा धंदा चवीवर चालतो, आणि ग्राहकाला परत बोलावणारी चव तेल, मीठ व साखर यांतून सहज साधते. त्यात हॉटेलवाल्याची लबाडी आहे असे मानण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो पदार्थ बनवलेला असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा सणावारी खायची ही चव वाढत्या वयाच्या मुलाच्या रोजच्या जेवणात शिरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मुलांसाठी त्यांच्या उष्मांकाच्या गरजेप्रमाणे हे प्रमाण आणखी कमी करायचे. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी असेही ही संघटना सांगते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची गरज दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी धरली तर साखरेची कमाल मर्यादा ४२ ग्रॅमच्या आसपास येते. पार्सलसोबत मागवलेल्या शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच ३० ते ३५ ग्रॅम साखर असते. दिवसभराच्या मर्यादेचा मोठा भाग मधल्या सुट्टीतच संपतो.

तळणीच्या तेलाचाही विचार करायला हवा. तेच तेल वारंवार तापवले की त्यात 'पोलर कंपाउंड्स' म्हणून ओळखली जाणारी अपायकारक द्रव्ये वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून लागू केला. चांगली उपाहारगृहे तो पाळतात. पण मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या छायाचित्रावरून कढईतल्या तेलाचे वय कळत नाही.

आपल्या मुलांची एकूण स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणाने भारतातील शालेय वयाच्या मुलांचे दुहेरी चित्र समोर आणले. एकीकडे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा रक्तक्षयाने ग्रासलेला आणि दुसरीकडे शालेय व किशोर वयातील दहापैकी एका मुलात मधुमेहाची पूर्वावस्था. भरल्या पोटीही लोह आणि जीवनसत्त्वे कमी पडू शकतात, हे या आकड्यांवरून उमजते. मैदा, बटाटा आणि चीज यांनी पोट भरते. पालेभाजी, उसळ, फळ यांची जागा मात्र रिकामीच राहते.

कायदा काय सांगतो?

शाळेतील खाण्यापिण्याबाबत आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेये यांऐवजी पोळी, भात, भाज्या, खिचडी, इडली असे पदार्थ ठेवण्यास सांगितले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील निर्देशांचा परिणाम म्हणून देशपातळीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये शाळेतील मुलांच्या सुरक्षित व समतोल आहाराचे नियम अधिसूचित केले आणि ते जुलै २०२१ पासून अमलात आले. चरबी, मीठ, साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या भोजनालयात आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या परिसरात मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही करता येत नाही.

या नियमांचा रोख विक्री आणि जाहिरात यांवर आहे. पालकाने घरबसल्या मागवलेले जेवण त्यांच्या कक्षेत सरळपणे बसत नाही, आणि त्यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. शाळेच्या दारासमोर हातगाडीवर जो पदार्थ विकायला बंदी, तोच पदार्थ दोन किलोमीटरवरून दुचाकीवर बसून येतो आणि पालकांच्या नावाने थेट वर्गापर्यंत पोहोचतो. गाडीवाल्याला हुसकावून लावायचे आणि पार्सलला मात्र वाट द्यायची, यात न्याय कुठला? नियमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू हरवल्यासारखे हे होईल. म्हणूनच उपाहारगृहासाठी असलेला निकष दारातून आत येणाऱ्या प्रत्येक खाद्यपदार्थाला लावण्याचा निर्णय एखादी शाळा घेत असेल, तर तो आततायी म्हणता येणार नाही.

चव घेणारे कोणीतरी हवे

अन्न शाळेत खाल्ले जाते तेव्हा त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका गावात शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. कीटकनाशक मिसळलेले तेल स्वयंपाकात वापरले गेले होते. त्यानंतर २०१५ मध्ये माध्यान्ह भोजनाचे जे नियम झाले, त्यांत मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवणाची चव घ्यावी आणि अन्नाचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जावेत अशा तरतुदी आल्या. भांड्यातले अन्न मुलांच्या ताटात पडण्याआधी कोणा जबाबदार माणसाच्या तोंडात पडले पाहिजे, एवढेच त्या नियमाचे सार आहे.

एका मुलाच्या नावाने आलेल्या पार्सलला असा चव घेणारा नसतो. मुलाला बाधा झाली तर हॉटेल पोहोचवणाऱ्या सेवेकडे बोट दाखवणार, सेवा हॉटेलकडे, आणि दोघेही शाळेच्या चौकीत पडून राहिलेल्या तासाकडे. शाळेच्या आवारात घडले म्हणून पहिला जाब मात्र मुख्याध्यापकांनाच विचारला जाणार. त्यातच मुले डबा वाटून खातात. शेंगदाणे, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या शेजारच्या मुलाच्या पोटात काय गेले, हे कोणालाच सांगता येणार नाही. घरच्या डब्याबाबत निदान आईला फोन करून विचारता येते.

दाराशी येणाऱ्या अनोळखी माणसांचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे सक्तीचे केले आणि आवारात कोण येते-जाते याबाबतची सजगता वाढली. पार्सल आणणारा तरुण पोटासाठी उन्हातान्हात राबणारा असतो. त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. परंतु मधल्या सुट्टीच्या आधीच्या पंधरा मिनिटांत वीस दुचाकी दाराशी थांबल्या, तर एकटा पहारेकरी नावे जुळवणार की दारावर लक्ष ठेवणार?

पंगतीचा प्रश्न

आतापर्यंतचे मुद्दे एका मुलाच्या हिताचे होते. परंतु मधली सुट्टी एकट्याची नसते. एकाच बाकावर बसून डबे उघडले जातात, एकमेकांच्या डब्यांत हात घातला जातो आणि दुसऱ्याच्या घरची चव पहिल्यांदा कळते ती तिथेच. कोणाच्या डब्यात कारल्याची भाजी, कोणाच्या डब्यात शेपू, कोणाकडे सुका जवळा, तर कोणाकडे पोळी आणि गूळ-तूप. या लहानशा पंगतीत मूल न आवडणारे थोडे खायला शिकते, आवडणारे थोडे द्यायला शिकते.

या पंगतीत दोनशे रुपयांचे पार्सल येऊन बसले की तोल बदलतो. डबा म्हणजे आईने केलेली भाजी, ही ओळख मागे पडते आणि डबा म्हणजे वडिलांचा खिसा, ही ओळख पुढे येते. शाळांनी गणवेश ठेवला तो कपड्यांवरून श्रीमंती-गरिबी मोजली जाऊ नये म्हणून. तो विचार ताटाला का लागू नये? ज्या मुलाच्या डब्यात रोज पोळी आणि चटणीच असते, त्याला ती चटणी लपवावीशी वाटू लागली, तर शाळा म्हणून काहीतरी हरवले असेच म्हणावे लागेल. 'आमच्या पैशाने आम्ही मागवतो' या युक्तिवादाची मर्यादा इथे लक्षात येते. पैसे आपले असले तरी बाक सर्वांचा असतो.

पैशांचाही हिशेब मांडून पाहावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. रोजचे पार्सल केवळ १५० रुपयांचे धरले तरी वर्षाला ३०,००० रुपये होतात. इतक्या रकमेत काही घरांनी मिळून डब्यासाठी गल्लीतील एखाद्या जाणत्या बाईला काम देणे सहज शक्य आहे.

नुसत्या बंदीने भागत नाही

शाळांनी बंदीचा फलक लावला की प्रश्न मिटला असेही नाही. याबाबत इंग्लंडमधला एक प्रसंग बोधप्रद आहे. तिथे २००५ मध्ये बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांनी दूरचित्रवाणी मालिकेतून शाळांतील निकृष्ट जेवणाविरुद्ध आवाज उठवला आणि शाळांच्या खाण्यात सुधारणा सुरू झाल्या. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, रॉदरहॅमजवळच्या एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांना बाहेर जायला मनाई झाली. तेव्हा काही आयांनी जवळच्या दुकानांतून बर्गर आणि फिश अँड चिप्स आणून शाळेच्या कुंपणावरून मुलांना द्यायला सुरुवात केली. वृत्तपत्रांनी या आयांची यथेच्छ टिंगल केली. पण त्यांचेही एक म्हणणे होते: शाळेतले नवे जेवण मुलांना आवडत नाही आणि रांगेत उभे राहून खायला वेळ पुरत नाही. मुलांना आणि पालकांना विश्वासात न घेता ताट बदलले की अन्न कुंपणावरून येते, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

आपल्याकडे उलट एक विसंगती आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना पूर्वी माध्यान्ह भोजन आणि २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून शिजवलेले अन्न मिळते. पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि त्यापुढे आठवीपर्यंत ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्या खिचडीत त्रुटी असतील. पण तिचे मोजमाप आहे, तपासणी आहे आणि सगळे एकत्र बसून ती खातात. याउलट भरमसाट शुल्क घेणाऱ्या पुष्कळ खासगी शाळांत दुपारच्या जेवणाची कोणतीच व्यवस्था नसते, असली तर तळलेल्या पदार्थांचे उपाहारगृह असते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानेही मुलांच्या पाठीवरचे ओझे कमी करण्यासाठी शाळेतच चांगले जेवण आणि पिण्याचे पाणी मिळावे असे सुचवले आहे. पार्सलला बंदी घालणाऱ्या शाळेने हे दुसरे पाऊलही उचलायला हवे.

मग पालकांनी काय करावे?

वरील विवेचनाचा अर्थ असा नाही की बाहेरचे जेवण कधीच येऊ नये. डबा घरी विसरला, घरात आजारपण आहे, गॅस संपला, अशा वेळी मूल उपाशी राहण्यापेक्षा बाहेरून आलेली इडली केव्हाही बरी. अपवाद म्हणून आलेल्या पार्सलमध्ये काही वावगे नाही. नेम म्हणून येणाऱ्या पार्सलमध्ये आहे. हा फरक सांभाळण्यासाठी काही गोष्टी पाळता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे अडचणीच्या दिवशी आधी शाळेच्या कार्यालयाला फोन करावा. पार्सल कोणाच्या नावाने, केव्हा येणार आणि कोण घेणार हे ठरलेले असावे. शक्य असेल तर ते आजी-आजोबा, शेजारी किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवावे. कित्येक शाळांत अशा वेळी शिक्षकच मुलाच्या खाण्याची सोय करतात. एका फोनने काम भागते.

दुसरी गोष्ट निवडीची. इडली, उपमा, साधी पोळी-भाजी, पराठा असे पदार्थ मागवावेत. रस्सा, मलई, मेयोनीज आणि शीतपेये टाळावीत. सुट्टीच्या अगदी आधी पोहोचेल अशी वेळ साधावी आणि उरलेले अन्न घरी न आणता टाकून देण्यास मुलाला सांगावे. निवड पालकांनी करावी, मुलाने नव्हे. 'आज काय मागवू?' हा प्रश्न एकदा सुरू झाला की डब्यातली भाजी कायमची परत येऊ लागते.

तिसरी गोष्ट डबा सोपा करण्याची. रोज नवा पदार्थ, रोज नक्षीदार मांडणी हा हट्ट अलीकडे वाढला आहे आणि त्याचाच थकवा पार्सलकडे नेतो. आठवड्याचे वेळापत्रक ठरवून त्यात दोन दिवस थालीपीठ-धपाटे, दोन दिवस पोळी-भाजी, एक दिवस मोडाची उसळ असे साधे चक्र ठेवले तरी पोषणाला काही कमी पडत नाही. भाजी रात्री निवडून-चिरून ठेवणे, पोळ्या केंद्रातून आणणे यात कमीपणा मानू नये. मुलांनाही सातव्या-आठव्या वर्षापासून डबा भरण्याच्या कामात घ्यावे. स्वतः भरलेला डबा सहसा परत येत नाही.

चौथी गोष्ट एकेकट्याने करण्याची नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत शुल्क, गणवेश आणि सहल यांवर तासभर चर्चा होते, जेवणावर क्वचितच. मधली सुट्टी किती मिनिटांची आहे, मुलांना बसून खायला जागा आहे का, हात धुवायला पाणी आहे का, उपाहारगृहात काय विकले जाते आणि महिला बचत गटामार्फत साधे सामूहिक जेवण देता येईल का, हे प्रश्न तिथे मांडायला हवेत. ज्या आईवडिलांना डबा करणे खरोखर शक्य नाही, त्यांचा प्रश्न अशा व्यवस्थेतूनच सुटेल आणि त्यांच्या मुलाचे ताटही इतरांपेक्षा वेगळे दिसणार नाही.

मुलाच्या दुपारच्या जेवणाची काळजी कोणी घ्यावी, याचे उत्तर मोबाइलच्या पडद्यावर शोधणे म्हणजे ती काळजी एका अनोळखी स्वयंपाकघरावर सोपवणे होय. एखाद्या अडल्या दिवशी ते चालून जाईल. उरलेल्या दिवसांसाठी मात्र घर आणि शाळा या दोघांनाच हात लावावा लागेल. मधली सुट्टी वीस मिनिटांची असली तरी खाण्याच्या सवयी तिथेच जडतात, आणि त्या पुढे आयुष्यभर सोबत राहतात.